'इनिट' : लंडनच्या बोलीतील एका छोट्या शब्दाचे अर्थ, उपयोग आणि पथ्ये

शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा मुलांकडे राहायला लंडनला गेलेल्या मराठी माणसाला शाळेत शिकलेले इंग्रजी बँकेत, विद्यापीठात आणि कार्यालयात पुरते; परंतु बसमध्ये, दुकानात आणि कामाच्या ठिकाणी चहाच्या सुट्टीत जे इंग्रजी कानावर पडते, त्यात वाक्यावाक्याला येणारा 'इनिट' हा शब्द त्याला कोणी शिकवलेला नसतो. तो प्रश्न आहे, होकार आहे की नुसताच बोलण्याचा लकब आहे, हे सुरुवातीला उमगत नाही. उत्तर द्यायचे की गप्प राहायचे, याचाही निर्णय होत नाही. हा लेख त्या एका शब्दापुरता आहे. तो कसा ऐकावा, त्याचा अर्थ कसा लावावा, त्याला उत्तर कसे द्यावे आणि स्वतः तो वापरावा की नाही, हे येथे क्रमाने मांडले आहे. माझे म्हणणे असे की मराठी माणसाला हा शब्द समजायला इतर अनेकांपेक्षा सोपा आहे, कारण त्याची जवळजवळ सगळी कामे आपल्याकडे 'ना' करतो. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की 'ना' आपण आजीपुढे, शिक्षकांपुढे आणि साहेबांपुढेही बिनदिक्कत म्हणतो. 'इनिट'चे तसे नाही.

पहिली पायरी : शब्द कानाने ओळखणे

'इनिट' हा 'इजन्ट इट' या दोन शब्दांचा बोलण्याच्या ओघात झिजलेला अवतार आहे. आधी 'इजन्ट'मधला 'ज' गळतो, मग 'न्ट'मधला 'ट' गळतो, आणि उरलेला 'न' पुढच्या 'इट'ला चिकटतो. रोमन लिपीत हा शब्द दोन 'एन' घालून लिहितात, म्हणून आपण तो 'इन्निट' असा जोर देऊन वाचतो; प्रत्यक्षात 'न' एकच ऐकू येतो आणि जोर पहिल्या 'इ'वर असतो.

खरी अडचण शेवटच्या 'ट'ची आहे. लंडनच्या बोलीत शब्दाच्या शेवटी येणारा 'ट' पुष्कळदा जिभेने उच्चारला जात नाही, तो घशातच अडवला जातो. 'नाही' म्हणायचे असताना आपण मान हलवत 'अं-अं' म्हणतो, तेव्हा दोन 'अं'च्या मध्ये घसा क्षणभर बंद होतो. नेमका तसाच अडथळा 'इनि'च्या शेवटी येतो. त्यामुळे नव्या माणसाला 'इनि' एवढेच ऐकू येते आणि 'एनी' किंवा 'इन इट' असे काहीतरी म्हटले असावे, असा त्याचा समज होतो. वाक्य संपता संपता आलेले हे दोन आखूड स्वर आणि त्यानंतरचा झटक्याने तुटलेला आवाज, ही खूण एकदा कानात बसली की शब्द चुकत नाही.

याच घडणीचे आणखी काही शब्द तेथे ऐकू येतात. 'वॉजन्ट इट'चे 'वन्निट' आणि 'डझन्ट इट'चे 'डन्निट' होते. ते अर्थाने आपापल्या जागीच राहिले आहेत. 'इनिट' मात्र आपली जागा सोडून फार दूर गेला, आणि म्हणूनच त्याच्यावर स्वतंत्र लिहावे लागते.

दुसरी पायरी : शाळेतला नियम आठवणे

महाराष्ट्रात दहावी-बारावीला इंग्रजी शिकलेल्या प्रत्येकाने 'क्वेश्चन टॅग जोडा' हा प्रश्न सोडवलेला आहे. नियम असा की विधान होकारार्थी असेल तर टॅग नकारार्थी, विधान नकारार्थी असेल तर टॅग होकारार्थी. विधानात जे साहाय्यक क्रियापद असेल तेच टॅगमध्ये घ्यायचे, ते नसेल तर 'डू'चे योग्य रूप घ्यायचे, आणि कर्त्याच्या जागी सर्वनाम घालायचे. म्हणून 'शी इज युअर सिस्टर' याला 'इजन्ट शी' लागते, 'यू वेन्ट होम'ला 'डिडन्ट यू' लागते आणि 'दे नो हिम'ला 'डोन्ट दे' लागते. बोलता बोलता काळ, पुरुष, वचन आणि होकार-नकार हे सगळे क्षणात जुळवायचे, ही इंग्रजीची खरोखरच अवघड जागा आहे.

जगातल्या पुष्कळ भाषांना हा खटाटोप करावा लागत नाही. फ्रेंच माणूस कोणत्याही विधानापुढे 'नेस पा' म्हणतो. आपण 'ना', 'नाही का' किंवा 'की नाही' म्हणतो. 'तू घरी गेलास ना', 'ते त्याला ओळखतात ना', 'उद्या सुट्टी आहे ना' या तिन्ही वाक्यांत कर्ता बदलला, काळ बदलला, 'ना' मात्र जागचा हलला नाही.

तिसरी पायरी : जुळणारा आणि न जुळणारा 'इनिट' वेगळे करणे

आता ऐकलेले वाक्य दोन कप्प्यांपैकी कोणत्या कप्प्यात बसते, हे पाहावे. 'इट्स कोल्ड टुडे, इनिट?' या वाक्यात 'इनिट'च्या जागी 'इजन्ट इट' ठेवले तरी व्याकरण बिघडत नाही, कारण विधानात 'इट' आणि 'इज' दोन्ही आहेत. हा जुळणारा 'इनिट'. तो लंडनच्या पूर्व भागातील कष्टकरी वस्तीच्या, म्हणजे कॉकनी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बोलीत पूर्वीपासून आहे, आणि इंग्लंडमध्ये अन्यत्रही घाईच्या बोलण्यात येतो. वयस्कर फळवाला, टॅक्सीचालक, रुग्णालयातील परिचारिका यांच्यापैकी कोणाच्याही तोंडी तो सहज सापडतो.

'यू वेन्ट होम अर्ली, इनिट?' हे वाक्य तसे नाही. येथे पुस्तकी टॅग 'डिडन्ट यू' असायला हवा. 'शी लिव्ह्ज इन वेम्बली, इनिट?', 'दे ऑल नो हिम, इनिट?', 'वी कॅन गो टुमॉरो, इनिट?' या सगळ्यांत 'इट'शी काही संबंध नसताना 'इनिट' आलेला आहे. हा न जुळणारा 'इनिट', आणि तोच हल्लीच्या लंडनची खरी ओळख आहे. येथे 'इजन्ट इट' असा मूळ अर्थ शोधत बसू नये. सरळ 'ना' ठेवून पाहावे : 'तू लवकर घरी गेलास ना?', 'ती वेम्बलीला राहते ना?', 'उद्या जाऊ शकतो ना आपण?' अर्थ तत्काळ लागतो.

चौथी पायरी : चढता की उतरता स्वर

अर्थ लागला तरी उत्तर अपेक्षित आहे की नाही, हे स्वरावरून ठरते. आवाज शेवटी वर चढला असेल, तर बोलणाऱ्याला खात्री करून घ्यायची आहे. 'युअर ट्रेन इज ॲट सिक्स, इनिट?' असे वर जाणाऱ्या स्वरात विचारले, तर हो किंवा नाही सांगावे लागते. आवाज खाली उतरला असेल, तर बोलणाऱ्याला ते ठाऊकच आहे आणि त्याला फक्त तुमची मान डोलावलेली हवी आहे. थंडीत बसथांब्यावर उभा असलेला अनोळखी माणूस उतरत्या स्वरात 'फ्रीझिंग, इनिट' म्हणतो, तेव्हा तो हवामानाची चौकशी करत नसतो. 'येस, इट इज' एवढे हसून म्हटले की पुरे.

याहून पुढचा एक उपयोग आहे, ज्यात उत्तराची अपेक्षाच नसते. 'आय हॅव टू वर्क, इनिट' याचा अर्थ 'काम तर करायलाच हवं ना' असा आहे. आपण सांगतो आहोत ते उघड आहे, त्यात वादाचे कारण नाही, एवढेच त्याला सुचवायचे असते. अशा वाक्यानंतर घाईने 'येस, येस' म्हटले तर काही बिघडत नाही, पण त्याने तुम्हाला काही विचारलेले नव्हते.

पाचवी पायरी : सुटा 'इनिट' आणि मधला 'इनिट'

या दोन उपयोगांपाशी थोडे अधिक थांबले पाहिजे, कारण नवखा माणूस सर्वात जास्त येथेच गोंधळतो, आणि मराठीची सर्वात मोठी मदतही येथेच होते.

पुढील संवाद दोन मुलांमधला आहे असे समजा.

'द बस इज लेट अगेन, इनिट.'
'इनिट! एव्हरी मन्डे.'
'माय ब्रदर इनिट, ही वेट्स हाफ ॲन अवर.'
'ही शुड वॉक, इनिट.'

पहिल्या वाक्यातला 'इनिट' उतरत्या स्वराचा आणि जुळणारा आहे. दुसऱ्या वाक्यात मात्र तो एकटाच, वाक्याच्या आरंभी आणि जोराने आला आहे. हा प्रश्न नाही. हा शंभर टक्के होकार आहे, आणि त्याचे मराठी रूप नेमके 'हो ना!' हे आहे. मूळ विधानात कर्ता कोणताही असो, काळ कोणताही असो, सहमती दाखवायला एकटा 'इनिट' चालतो. 'दॅट एक्झाम वॉज हार्ड' असे एकाने म्हटले की दुसरा 'इनिट' म्हणतो. 'आय डोन्ट लाइक हिम' असे म्हटले तरी उत्तर 'इनिट'च येते, आणि त्याचा अर्थ 'हो ना, मलाही नाही आवडत' असा होतो. याला प्रश्न समजून खुलासा करू लागलात, तर समोरचा गोंधळेल.

तिसऱ्या वाक्यात 'इनिट' वाक्याच्या मध्ये आहे. बोलणाऱ्याने आधी भावाचा विषय काढला, 'इनिट' म्हणून ऐकणाऱ्याचे लक्ष त्याकडे वेधले आणि मग सांगायचे ते सांगितले. 'माझा भाऊ ना, तो अर्धा तास थांबतो.' मराठीत हे आपण दिवसभर करतो : 'मी ना, काल ना, दुकानात गेले होते'. भाषाशास्त्रज्ञ हाइके पिक्लर यांनी लंडनच्या 'इनिट'चा बारकाईने अभ्यास केला असून, विषय पुढे आणून ठेवण्याचा हा उपयोग त्यांनी तपशिलाने दाखवला आहे. टॅग म्हणून जन्मलेला शब्द टॅगची जागा सोडून वाक्यात अशी मोकळी फिरती जागा मिळवतो, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. आपल्या 'ना'कडे इतक्या लक्षपूर्वक किती जणांनी पाहिले असेल, असा प्रश्न त्यामुळे मनात येतो.

चौथ्या वाक्यातला 'इनिट' न जुळणारा आहे. पुस्तकी टॅग 'शुडन्ट ही' झाला असता.

सहावी पायरी : उत्तर देताना होकार-नकाराचा फास टाळणे

व्यवहारात या पायरीचे महत्त्व सर्वाधिक आहे. पुस्तकी टॅगमध्ये होकार-नकार उलटा होत असल्याने विधानाची दिशा निदान दुसऱ्यांदा कळते. 'इनिट' मात्र नकारार्थी विधानापुढेही तसाच येऊ शकतो. 'ही डझन्ट ईट मीट, इनिट?' असे कोणी विचारले आणि तो खरोखर मांस खात नसेल, तर मराठीत आपण 'हो, नाही खात' असे म्हणतो. आपला 'हो' समोरच्याच्या म्हणण्याला असतो. इंग्रजीत मात्र 'नो, ही डझन्ट' असेच म्हणावे लागते, कारण तेथे 'येस' आणि 'नो' हे वस्तुस्थितीला धरून चालतात.

आता उपाहारगृहात काम करणाऱ्या मराठी विद्यार्थ्याचा विचार करा. गिऱ्हाईक विचारते, 'देअर्स नो नट्स इन धिस, इनिट?' आणि तो मनातल्या मनात 'हो, नाहीत' असे म्हणून मोठ्याने नुसते 'येस' म्हणतो. गिऱ्हाइकाने त्याचा अर्थ 'आहेत' असा घेतला तर फार तर ते पदार्थ परत करील. पण प्रसंग उलटा असेल, म्हणजे पदार्थात शेंगदाणे असतील आणि 'तुमचे म्हणणे बरोबर नाही' या अर्थी त्याने नुसते 'नो' म्हटले, तर शेंगदाण्यांची ॲलर्जी असलेल्या माणसाच्या ते जिवावर बेतू शकते. म्हणून 'इनिट'ने संपणाऱ्या नकारार्थी प्रश्नाला एका शब्दात कधीही उत्तर देऊ नये. 'नो, देअर आर नो नट्स इन इट' किंवा 'इट हॅज नट्स इन इट' असे पूर्ण वाक्यच म्हणावे. ही सवय लावून घेण्यास थोडे दिवस लागतात, आणि ती औषधांच्या दुकानात, भाड्याच्या घराच्या व्यवहारात आणि कारखान्यातही तितकीच उपयोगी पडते.

सातवी पायरी : हा शब्द कोणाचा, हे जाणून घेणे

जुळणारा 'इनिट' कॉकनी लोकांचा, हे वर आलेच. न जुळणाऱ्या 'इनिट'चा प्रसार मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर बदललेल्या लंडनशी जोडलेला आहे. कॅरिबियन बेटे, भारत, पाकिस्तान, बांगलादेश आणि आफ्रिकेतील देश येथून आलेल्या कुटुंबांची मुले एकाच शाळेत आणि एकाच रस्त्यावर वाढली, आणि त्यांच्या बोलण्यातून इंग्रजीची एक नवी नागरी बोली तयार झाली. भाषाशास्त्रज्ञ पॉल करस्विल, जेनी चेशायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ ते २०१० या काळात लंडनमधील हॅकनी आणि हॅव्हरिंग या भागांत तिचा अभ्यास केला. तिला आता 'मल्टिकल्चरल लंडन इंग्लिश' म्हटले जाते. त्याआधी १९९३ मध्ये नॉर्वेतील बर्गन विद्यापीठाने लंडनमधील १३ ते १७ वर्षांच्या मुलामुलींचे सुमारे पाच लाख शब्दांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले होते, आणि त्या सामग्रीवर काम करणाऱ्या गिस्ले आंडर्सन यांना न जुळणारा 'इनिट' अल्पसंख्य समाजांतील मुलांमध्ये अधिक आढळला होता.

येथे आपला संबंध थेट येतो. 'यू आर कमिंग टुमॉरो, इजन्ट इट?' ही धाटणी भारतीय इंग्रजीत जुनी आहे आणि शाळेतले मास्तर ती आजही लाल शाईने खोडतात. भारतीय भाषांतील 'ना' आणि 'है ना' यांच्या सवयीने ती आली, हे उघड दिसते. तरीही लंडनचा 'इनिट' आपल्याकडूनच गेला, असा दावा करू नये. कॅरिबियन इंग्रजीतही न बदलणारे टॅग आहेत, वेल्समधील इंग्रजीत कोणत्याही विधानापुढे 'इजन्ट इट' लावण्याची पद्धत आहे, आणि कॉकनीने शब्दाचा आवाज तयार ठेवलाच होता. अनेक प्रवाह एकत्र आले, असे म्हणणेच रास्त आहे.

आज तो केवळ तरुणांचा किंवा केवळ एका वंशाच्या लोकांचा राहिलेला नाही. उत्तर इंग्लंडमध्ये मात्र त्याऐवजी 'इन्ट इट' हे रूप अधिक ऐकू येते.

आठवी पायरी : वापरावा की नाही

समजणे आवश्यक आहे, वापरणे ऐच्छिक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तिशी-पस्तिशीत पुण्याहून किंवा नागपूरहून गेलेल्या माणसाने तिसऱ्याच महिन्यात वाक्यावाक्याला 'इनिट' लावला, तर तो उसना वाटतो, आणि ज्यांची ती घरची बोली आहे त्यांना आपली नक्कल होते आहे असेही वाटू शकते. या शब्दावरून दक्षिण आशियाई आणि कृष्णवर्णीय मुलांची पुष्कळ टिंगल झालेली आहे, हे विसरू नये. वापरायचाच असेल, तर बरोबरीच्या मित्रांमध्ये आणि जुळणाऱ्या रूपापासून सुरुवात करावी : 'इट्स एक्सपेन्सिव्ह, इनिट?', 'इट्स नाइस, इनिट?' त्यानंतर सहमतीचा सुटा 'इनिट' आपोआप तोंडी येऊ लागेल. मधल्या 'इनिट'च्या वाटेला मुद्दाम जाऊ नये.

नोकरीची मुलाखत, विद्यापीठातील सादरीकरण, व्हिसाच्या कामासाठीचे बोलणे, वरिष्ठांना लिहिलेला ई-मेल आणि आयईएल्टीएससारखी इंग्रजी भाषेची परीक्षा येथे तो टाळावा. आयईएल्टीएसच्या तोंडी परीक्षेत व्याकरणाची व्याप्ती आणि अचूकता यांना स्वतंत्र गुण असतात. तुमचा न जुळणारा 'इनिट' परीक्षकाला लंडनची बोली वाटेल की क्वेश्चन टॅगचा नियम न येणे वाटेल, याची खात्री देता येत नाही. लेखनात तो फक्त मित्रांच्या संदेशांत शोभतो. स्पेलिंग दोन 'एन'चे रूढ आहे, काही जण एका 'एन'चेही लिहितात. स्क्रॅबल या अक्षरे जुळवून शब्द करण्याच्या खेळासाठीच्या कॉलिन्सच्या शब्दसूचीत तो २०११ मध्ये दाखल झाला, त्यामुळे तो खेळात ग्राह्य आहे. पाचही अक्षरे एकेक गुणाची असल्याने त्याचे पाचच गुण मिळतात.

लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, आणि तेथील मराठी कुटुंबांची पुढची पिढी तेथल्याच शाळांत वाढली आहे. मुले घरी 'इनिट' म्हणू लागली की आईवडिलांना त्यांचे इंग्रजी बिघडल्याची भीती वाटते. दक्षिण लंडनमधील अपर नॉरवुड येथील एका शाळेने २०१३ मध्ये 'इनिट'सह काही शब्द शाळेच्या आवारात ठरावीक ठिकाणी बोलण्यास मनाई केली, तेव्हा तेथील वर्तमानपत्रांतून त्यावर मोठी चर्चा झाली होती. पालकांनी शब्दावर बंदी घालण्यापेक्षा मुलांना दोन्ही रूपे येतात ना, एवढे पाहावे. मूल 'शी केम येस्टरडे, इनिट' म्हणाले की त्याला रागावू नये. हेच वाक्य शिक्षकांना कसे सांगशील, असे सहज विचारावे. 'डिडन्ट शी' हे उत्तर लगेच आले, तर काळजीचे कारण नाही. ते अडखळले, तर रोज जेवताना अशी चार-पाच वाक्ये घेऊन त्यांचे पुस्तकी टॅग त्याच्याकडून म्हणवून घ्यावेत, आणि त्याच वाक्यांची मराठी रूपे 'ना' लावून करायला सांगावीत.